कोयनेचं पाणी सांगलीत किती फूट चढतं, याला एक आकडा का नाही

जुलै-ऑगस्टात सांगली-साताऱ्याकडच्या मोबाइलवर संध्याकाळी एक ठरावीक मजकूर येऊन पडतो. कोयनेचे सहाही वक्राकार दरवाजे अमुक फुटांनी उचलले, सांडव्यावरून इतके हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके हजार घनफूट पाणी), पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक, एकूण विसर्ग इतका, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. त्याखाली, सांगलीतल्या ज्या पुलापाशी पुराची पातळी मोजतात त्याबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला: "मग आयर्विनला किती होणार?" कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, "दहा हजाराला एक फूट धर." दुसरा म्हणतो, "छे, दीड." तिसरा २०१९ चा महापूर उकरून काढतो आणि गाडी खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणावर घसरते.

या भांडणात सगळ्यांचं एक गृहीत सारखंच असतं. वर इतकं सोडलं की खाली इतकं चढतं, असा काहीतरी भाव ठरलेला असणार, आपल्याला तो नेमका ठाऊक नाही इतकंच. माझं म्हणणं असं की तसा भावच नाही. पाटबंधारे खात्याच्या कपाटातही तो सापडायचा नाही, कारण कृष्णा-कोयनेचं गणित त्या जातीचं नाही. अभियांत्रिकीत अशा गणितांची एक स्वतंत्र शाखा आहे, नॉन-लिनियर आणि हायब्रीड प्रणालींची. नाव जड आहे, पण त्यातलं निम्मं तुमच्या गच्चीवरच्या टाकीत बघायला मिळतं.

गच्चीवरची टाकी

टाकी काठोकाठ असली की खालच्या नळाला धार जोरात येते आणि टाकी उतरली की बारीक होते, हे पोरालाही माहीत असतं. माहीत नसतं ते प्रमाण. नळाच्या वरची पाण्याची उंची पाव झाली तर धार पाव होत नाही, निम्मी होते. धार उंचीच्या वर्गमुळाने चालते. म्हणून "भरलेली टाकी तासाभरात निम्मी झाली, आता अजून तासाभरात रिकामी होईल" हा हिशेब फसतो. उरलेल्या निम्म्याला जवळजवळ अडीच तास लागतात.

कारण दुप्पट केलं की परिणामही दुप्पट होतो, आणि दोन कारणांचे परिणाम वेगवेगळे काढून त्यांची नुसती बेरीज करता येते, अशा प्रणालीला लिनियर म्हणतात. हे जिथे जमत नाही ती नॉन-लिनियर. व्याख्या एवढीच. त्यातली बेरजेची अट ध्यानात ठेवा, अलमट्टीपाशी पोचलो की तीच लागणार आहे.

आता त्याच टाकीला ऑटोमॅटिक बसवा. पाणी खाली गेलं की मोटर चालू, वर आलं की बंद. पाणी हळूहळू, सलग चढतं-उतरतं. मोटरला मात्र मधलं काही माहीत नाही, ती चालू तरी असते नाहीतर बंद. सलग बदलणारी एक गोष्ट आणि झटक्यात बदलणारी दुसरी, अशा दोन्ही एकमेकींत अडकल्या की ती प्रणाली हायब्रीड होते. झटक्यात बदलणाऱ्या प्रत्येक अवस्थेला मोड म्हणू.

वायरमनने पैसे वाचवायला एकच सेन्सर टाकला तर काय होतं, हे बऱ्याच घरांनी अनुभवलं असेल. पाणी सेन्सरला टेकतं, मोटर बंद होते. तेवढ्यात खाली कोणी बादली लावतं, पाणी बोटभर उतरतं, मोटर चालू. पुन्हा टेकतं, पुन्हा बंद. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर टकटक टकटक करत राहतो, त्याचे पॉइंट काळे पडतात, आणि एक दिवस मोटर जळाल्याचा वास येतो. यावरचा इलाज जुना आहे. दोन सेन्सर टाकायचे. खालच्याच्या खाली गेलं तर चालू, वरच्याला लागलं तर बंद, आणि मधल्या पट्ट्यात जे चाललंय ते चालू द्यायचं. हा मधला पट्टा म्हणजे हिस्टेरिसिस. तो ठेवला की आणखी एक गोष्ट घडते: "टाकी निम्मी आहे" एवढ्या माहितीवर मोटर चालू आहे की बंद, हे सांगता येत नाही. मघाशी काय झालं होतं ते विचारावं लागतं.

दरवाजातून आयर्विनपर्यंत

धरणाचा दरवाजा थोडा उचलून खालच्या फटीतून पाणी सोडलं तर विसर्ग टाकीच्या नळासारखाच वर्गमुळाने चालतो. दरवाजा इतका उचलला की त्याची खालची कड पाण्याच्या बाहेर आली आणि पाणी सांडव्यावरून मोकळं वाहू लागलं, तर सूत्र पालटतं. आता विसर्ग उंचीच्या दीड घाताने वाढतो. सांडव्यावरची उंची दुप्पट झाली तर विसर्ग पावणेतीन पटीच्याही पुढे जातो. धरण तेच, तळ्यातलं पाणी तेच. दरवाजाची कड पाण्यात आहे की बाहेर, एवढ्यावर नियम बदलला. म्हणून "दरवाजे पाच फूट उचलले" हे वाक्य अर्धवट आहे. तळ्याची पातळी किती असताना पाच फूट, हे सोबत हवं.

पुढे हे पाणी कराडला येतं. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एकत्र निघतात. त्या वेळी कृष्णेत धोम, कण्हेर, उरमोडीकडचं पाणी किती आहे यावर कोयनेच्या पाण्याला वाट मिळणार की तुंबणार हे ठरतं. सांगलीच्या थोडं खाली हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोन्ही शहराच्या खालच्या बाजूला आहेत, तरी त्या फुगल्या की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही. फुगवटा उलट्या बाजूने चढतो. शिवाय धरणांच्या खाली पडणारा पाऊस थेट नदीत येतो. त्याच्यावर कुठलाच दरवाजा नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ, १९२९ च्या त्या दगडी पुलापाशी, पातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. रुंद पात्राच्या पुस्तकी सूत्राने नदीतला प्रवाह दुप्पट झाला तर खोली दुप्पट होत नाही, दीडपट होते. खरी नदी त्याहून वाकडी. पाणी काठात आहे तोवर त्याला पसरायला जागा नसते, ते वरच चढतं. एकदा काठ सोडून सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर या बाजूला शिरलं की तेवढंच जादा पाणी गेजवर, म्हणजे पातळी मोजायच्या पट्टीवर, कमी दिसतं. गेज मंदावतं, लोकांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी घरं भराभर पाण्याखाली जात असतात. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. ४१ चे ४२ होणं आणि ५६ चे ५७ होणं गेजवर एकेकच फूट आहे. नदीतल्या पाण्याच्या हिशेबात आणि माणसांच्या हिशेबात ते दोन फूट सारखे नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला या सगळ्यात सगळ्यात मजेशीर वाटते. पूर चढत असताना ५० फुटांवर नदीतून जितकं पाणी वाहतं, तितकं पूर उतरताना त्याच ५० फुटांवर वाहत नाही. चढत्या पुरात वरच्या बाजूला पाणी जास्त आणि खालच्या बाजूला अजून कमी असतं, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाला उतार जास्त मिळतो आणि ते जोरात पळतं. उतरत्या पुरात उलटं. टाकीतल्या दोन सेन्सरसारखंच इथेही नुसती पातळी पुरत नाही, ती कुठून आली हे लागतं. "पाणी ५० वर आहे" यापेक्षा "५० वर आहे, दोन तासांत दोन इंच वाढलं" ही बातमी कितीतरी जास्त सांगते.

आणि हे सगळं ताबडतोब घडत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला साधारण दिवस जातो. आज दरवाजा उचलणाऱ्याने उद्याची सांगली डोळ्यांसमोर आणून निर्णय घ्यायचा असतो, आणि उद्या वारणा, पंचगंगा काय करतील हे त्याच्या हातात नसतं.

धरणाचे मोड

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि एक क्युसेक म्हणजे लिटरमध्ये सेकंदाला सुमारे २८. दोघांना जोडणारा एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे: ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो.

धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून तळ्यात आला असं धरलं, तर सव्वातीन टीएमसीला थोडं कमी पाणी येतं, म्हणजे सरासरी साधारण ३६ हजार क्युसेक आवक. याच पाणलोटातल्या नवजा, महाबळेश्वरला पावसाळ्यात दिवसाला १०० मिलिमीटर ही काही मोठी बातमी नसते.

आता तळ्यातलं पाणी बाहेर पडायच्या वाटा बघा. एक वाट पश्चिमेकडे, बोगद्यांतून पोफळी-अलोरेच्या वीजगृहांकडे. ते पाणी वीज करून वाशिष्ठीत, कोकणात जातं, आणि त्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. दुसरी वाट पूर्वेकडे पायथा वीजगृहातून, दोन्ही जनित्रं चालू असली की २१०० क्युसेक. तिसरी सांडव्याचे सहा दरवाजे. पण हे दरवाजे धरणाच्या माथ्याकडे आहेत. धरण बऱ्यापैकी भरल्याशिवाय पाणी त्यांना टेकतच नाही.

म्हणजे धरण एकच असलं तरी नियंत्रणाच्या दृष्टीने ते दोन वेगळी यंत्रं आहे. पाणी सांडव्याच्या खाली असताना पूर्वेकडे तुमच्या हातात फक्त एक छोटा नळ आहे. पाणी सांडव्यावर आलं की अचानक मोठी वाट मिळते. त्यातही दरवाजा फटीएवढा उघडा हा एक मोड, पूर्ण मोकळा हा दुसरा. खाली कराड-सांगलीला पात्र मोकळं आहे की तुंबलेलं, यावरून आणखी दोन. प्रत्येक मोडमध्ये पाण्याची सूत्रं वेगळी, आणि एका मोडमधून दुसऱ्यात जायची अट वेगळी.

इंजिनिअर मंडळी याचा नकाशा काढतात. प्रत्येक मोडचं एक वर्तुळ, त्यात त्या मोडचं गणित, आणि वर्तुळांना जोडणाऱ्या बाणांवर अट: पातळी इतकी झाली तर इकडे, आवक इतकी घटली तर परत तिकडे. वर्तुळाच्या आतलं मूळ गणित साधं आहे. आवक वजा जावक म्हणजे साठ्यातला बदल. नदीसाठी फ्रान्सच्या सां-व्हनां यांनी १८७१ मध्ये मांडलेली समीकरणं आजही वापरतात. ती कागदावर सुटत नाहीत, म्हणून नदीचे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर मिनिटामिनिटाने पुढे ढकलतात. वाकड्या रेषेचा छोटासा तुकडा सरळ मानता येतो, ही युक्तीही सर्रास वापरतात. फक्त तो तुकडा संपला की नवीन सरळ रेषा घ्यावी लागते, आणि हे विसरल्यामुळे बरीच प्रतिमानं (गणिती मॉडेलं) आपटतात. "दहा हजाराला एक फूट" हीसुद्धा तशीच एक सरळ रेषा आहे. एखाद्या वर्षी, एखाद्या पातळीला कोणाला तरी ती बरोबर आलेली असणार. तेवढ्या तुकड्यात ती खरीच होती.

दोन शहाणे नियम, एक वेडा परिणाम

यात एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागते. दोन मोड आहेत, दोन्ही आपापल्या जागी स्थिर आहेत, म्हणजे धक्का बसला तरी प्रणाली पुन्हा शांत होते. तरी त्यांच्यात चुकीच्या वेळी अदलाबदल करत राहिलं तर एकूण प्रणाली बिथरू शकते. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

स्थिरता तपासायची मूळ कल्पना रशियाच्या ल्यापुनोव्ह यांनी १८९२ च्या प्रबंधात मांडली. समीकरणं सोडवत बसू नका, ते म्हणाले. प्रणालीत ऊर्जेसारखी एखादी राशी शोधा जी सतत घटत जाते. ती सापडली तर प्रणाली शेवटी शांत होणार, मग वाट कशीही वाकडी असो. हायब्रीड प्रणालीत एक फाटा फुटतो. ती राशी प्रत्येक मोडमध्ये घटते हे पुरेसं नाही, मोड बदलताना ती उडी मारून वाढत नाही ना, हेही बघावं लागतं. दर अदलाबदलीला थोडी थोडी वाढली, तर मोडमध्ये असताना झालेली सगळी घट वाया जाते.

धरणावर याचं रूप ओळखीचं आहे. दुपारी आवक वाढली म्हणून दरवाजे भरपूर उचलले. रात्री पाऊस थांबला म्हणून घाईने खाली घेतले. पहाटे पुन्हा धो-धो, पुन्हा उचलले. तळ्याच्या पातळीपुरता प्रत्येक निर्णय बरोबरच. खाली नदीत मात्र पाण्याचे लोंढे एकामागोमाग निघतात, आणि दिवसाच्या अंतराने त्यातला एखादा नेमका वारणेच्या फुगवट्यावर जाऊन आदळतो. म्हणून नियम असा ठेवतात की मोड बदलला की काही काळ त्याच मोडमध्ये थांबायचं, आणि दरवाजे टप्प्याटप्प्याने हलवायचे. टकटक करणाऱ्या कॉन्टॅक्टरवरचाच इलाज, फक्त इथे जळायची वस्तू मोटरपेक्षा मोठी आहे. बातमीत "विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवण्यात येईल" असं येतं तेव्हा लोक त्याला सरकारी भाषा समजतात. त्यामागे हे गणित आहे, आणि नदीकाठच्या पाणी उपशाच्या मोटारी, जनावरं हलवायला लागणारा वेळही.

हा विषय नुसता पुराचा नाही, हे जाता जाता सांगायला हवं. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच जातीच्या. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. म्हणून मंद वाऱ्यात चक्की थांबलेली, मग मिळेल तेवढी वीज घेणारी, मग पाती वळवून जादा वारा सोडून देणारी, आणि वादळात स्वतःला बंद करून घेणारी, असे तिचे मोड असतात. म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या उपसा योजनांतही टप्प्याटप्प्याने पंप चालू-बंद होतात. वीज गेली आणि पंप एकदम थांबले तर पाइपातलं वर चाललेलं पाणी दाबाचा जो दणका देतं, त्याचं गणितही याच वहीत.

"मग आधीच का रिकामं करत नाहीत?"

दरवर्षीचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. आकडे बघू. समजा पाणी सांडव्याच्या खाली आहे आणि पुढच्या पावसासाठी २० टीएमसी जागा करायची आहे. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेकने दिवसाला ०.१८ टीएमसी जातं. २० टीएमसीला ११० दिवस. तेही वरून थेंब पडला नाही तर. म्हणजे सांडव्याच्या खालचं पाणी घाईने नदीत सोडताच येत नाही, कोणाची कितीही इच्छा असली तरी. कोकणाकडे जास्त सोडावं म्हटलं तर त्याला लवादाची मर्यादा आहे, विजेची मागणी आहे, आणि खाली वाशिष्ठीही त्याच दिवसांत दुथडी भरलेली असते. २०२१ चा पूर बघितलेल्या चिपळूणकरांपुढे ही सूचना कोणी करू नये.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. मे महिन्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जाणारं उपसा योजनांचं पाणी कृष्णेत बरंचसं कोयनेतूनच येतं. ऑगस्टमध्ये जागा केली आणि सप्टेंबरने पाठ फिरवली तर एप्रिलमध्ये शिव्या देणारे वेगळे असतील, एवढाच फरक. म्हणून प्रत्येक धरणाला कोणत्या तारखेला पातळी किती असावी याचा एक आराखडा असतो. तोही मोड बदलायचाच नियम, फक्त कॅलेंडरवर लिहिलेला.

तरीही खात्याला सगळंच माफ नाही. पाणी एकदा सांडव्यावर आलं, मोठ्या पावसाचा अंदाज दोन-तीन दिवस आधी आला, आणि खाली नदीत जागा आहे, अशा वेळी आधी सोडणं शक्य असतं आणि बहुतेक वेळा शहाणपणाचंही असतं. ही संधी मोजक्या तासांची असते. ती घेतली की घालवली, हा प्रश्न तारीख-वेळेसह विचारता येतो आणि विचारावा. "जूनमध्येच का नाही रिकामं केलं" या प्रश्नात तो हरवून जातो.

"एआय लावा की!"

लावतात. निदान त्याच्या जवळपासचं काहीतरी. तेल शुद्धीकरण कारखान्यांत १९७० च्या दशकात रुळलेली एक पद्धत आता कालवे-धरणांवरही वापरली जाते. पुढच्या काही तासांचे किंवा दिवसांचे शक्य ते सगळे पर्याय प्रतिमानावर चालवून बघायचे, त्यातला कमी नुकसानीचा निवडायचा, पण त्यातलं फक्त पहिलं पाऊल प्रत्यक्षात टाकायचं. तासाभराने नवीन पाऊस, नवीन पातळी घेऊन सगळा हिशेब पुन्हा. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप नोंदवून पाठवणारी केंद्रंही बसवलेली आहेत.

अडचण पर्यायांच्या संख्येची आहे. दरवाजांच्या फक्त पाच उंच्या धरल्या आणि दर तासाला एक निवडायची म्हटलं, तर चोवीस तासांचे पर्याय सहावर सोळा शून्यं इतके होतात. हायब्रीड प्रणालीची ही किंमत. सलग बदलणारी गोष्ट असती तर उताराने चालत जाऊन उत्तम जागा गाठता आली असती. झटके आले की पर्याय एकेक तपासावे लागतात किंवा हुशारीने गाळावे लागतात. गाळायचं तंत्र गेल्या तीस वर्षांत पुष्कळ सुधारलंय, त्यामुळे हा अडथळा आता पूर्वीइतका मोठा नाही.

मोठा अडथळा आकाशात आहे. हवामानात सुरुवातीचा छोटा फरक पुढे प्रचंड होतो, हे हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं. नॉन-लिनियर प्रणालीचा हा सगळ्यात गाजलेला गुण. घाटमाथ्यावर उद्या १०० मिलिमीटर पडणार की २००, यात कोयनेच्या तळ्यापुरता तीन टीएमसीचा फरक आहे. मागच्या पुरांवर शिकवलेला एआय मागच्या पुरांसारख्या पुरात छान चालतो. पाणी पूर्वी कधी गेलं नाही त्या उंचीला गेलं, नवीन भराव आला, नवीन पूल झाला, की त्याने शिकलेली वाकडी रेषा पुढे कशी वळते हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून भौतिकशास्त्राचं प्रतिमान खाली ठेवून त्यावर एआय बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. नुसत्या एआयच्या हातात दरवाजाची किल्ली मी तरी देणार नाही.

"ते सोडा, किती फूट कोणामुळे ते सांगा"

आता बेरजेची अट. मघाचं पुस्तकी सूत्र घ्या आणि समजुतीपुरते आकडे धरा. नदीत मूळ एक भाग पाणी आहे, त्याने खोली १० फूट झाली. त्यात कोयनेचा एक भाग आला, खोली १५.२ फूट. मग वारणेचा एक भाग आला, १९.३ फूट. म्हणजे कोयनेमुळे पाच फूट दोन दशांश आणि वारणेमुळे चार फूट एक दशांश? क्रम उलटा लावा. आधी वारणा धरली तर तिच्या वाट्याला ५.२ येतात आणि कोयनेच्या वाट्याला ४.१. दोघींनी सारखंच पाणी आणलं, दोष मात्र कोणाला आधी मोजलं त्यावर बदलला. नॉन-लिनियर प्रणालीत अशी वाटणी करायचा एकमेव बरोबर मार्ग नसतो. आणि हे साधं सूत्र झालं. फुगवटा, पसरलेलं पाणी, चढता-उतरता पूर हे सगळं घातलं की वाटणी आणखी निसरडी होते.

म्हणून "२०१९ ला अलमट्टीमुळे नेमके किती फूट" या प्रश्नावर दोन प्रामाणिक तज्ज्ञ दोन आकडे देऊ शकतात, आणि दोघांपैकी कोणी विकला गेलेला असेलच असं नाही. त्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अलमट्टीला पुराचं कारण धरलं नाही. इथल्या बऱ्याच लोकांना ते आजही पटलेलं नाही. उत्तर देण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. तोच पाऊस, तेच कोयना-वारणेचे विसर्ग ठेवून अलमट्टीची पातळी समजा दोन मीटर खाली धरली असती, तर आयर्विनला कोणत्या तासाला किती फरक पडला असता? हा हिशेब प्रतिमानावर चालवता येतो. उत्तर त्या पुरापुरतं, त्या तासांपुरतं खरं असतं.

फुगवट्याचा स्वभावही इथे बघायला हवा. खाली धरणात पाणी अडवलेलं असलं तर त्याचा फुगवटा वर किती लांब पोचेल हे धरणाच्या पातळीवर आणि नदीच्या त्या वेळच्या प्रवाहावर, दोन्हींवर अवलंबून असतं. नदी जोरात असताना तिचा स्वतःचा पृष्ठभाग इतका वर असतो की खालच्या पातळीचा परिणाम लवकर विरतो. शांत असताना तोच फुगवटा लांबवर जाणवतो. मधल्या अरुंद जागा, बंधारे, पुलांचे भराव यांनी चित्र आणखी बदलतं.

कर्नाटकाला अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. त्यावर इकडे दोन सोपी विधानं ऐकू येतात. एक, ५१९.६ ला फरक पडला नाही, तर ५२४ ला कशाला पडेल. दुसरं, साडेचार मीटर म्हणजे पंधरा फूट, म्हणजे सांगलीत पंधरा फूट जास्त. दोन्ही विधानं जुनी सरळ रेषा पुढे ओढून काढलेली आहेत. पातळी बदलली की फुगवट्याचं टोक नदीच्या वेगळ्या भागात जातं, तिथे पात्राचा उतार वेगळा, काठांची उंची वेगळी, मोडच वेगळा. त्यामुळे ५२४.२५६ चा हिशेब त्या पातळीला, २०१९ सारख्या पावसाला आणि अलमट्टीचे दरवाजे कोणत्या नियमाने उघडणार हे गृहीत धरून, पहिल्यापासूनच मांडावा लागतो. त्यातलं शेवटचं गृहीत सगळ्यात महत्त्वाचं, कारण पातळी करारात लिहिता येते. दरवाजे कोणत्या तासाला उचलायचे हे दोन्ही राज्यांना त्या त्या वेळी ठरवावं लागतं.